जि. प. गटातून आई उभी राहतेय: महिला संघटनांची मदत नेमकी कशी होते?

निळी_छत्री

नमस्कार मंडळी,

माझं गाव लातूर जिल्ह्यात, मी नोकरीसाठी पुण्यात. सोडतीत आमचा जिल्हा परिषद गट, म्हणजे मतदारसंघ, नामाप्र (ओबीसी) महिलेसाठी राखीव निघाला. त्याच संध्याकाळी भागातले एक पुढारी घरी आले आणि पप्पांना म्हणाले, "फॉर्म वहिनींचा भरा, बाकीचं आमच्यावर सोडा." आई समोरच बसलेली. तिला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. ते गेल्यावर आई म्हणाली, उभी राहीन, पण फॉर्म मी भरणार आणि बाकीचंही मीच बघणार. पप्पा गप्प. ते नाराज आहेत की नुसते घाबरलेत, हे फोनवर कळत नाही.

आई बचत गट चालवते, गावातल्या बचत गटांच्या ग्रामसंघाची अध्यक्ष आहे, त्याच्या वरच्या प्रभागसंघाच्या बैठकांना जाते. बँकेत मॅनेजरसमोर अडखळत नाही. पण निवडणूक कधी लढवली नाही, ग्रामपंचायतीचीसुद्धा.

मला एवढंच विचारायचंय की महिला संघटना अशा उमेदवाराला खरोखर काय मदत करतात? शिबिरं, हार, सेल्फी हे माहीत आहे. त्यापलीकडे काही असतं का? दुसरं म्हणजे आईच्या बचत गटातल्या बायका म्हणताहेत, "आपण सगळ्या बचत गटांनी मिळून प्रचार करू." हे चांगलं की वाईट? कुणी जवळून बघितलं असेल तर सांगा.

---

फक्कड_रावसाहेब

ताई, खरं सांगू का, राग मानू नका. जि. प. च्या एका गटात कितीतरी गावं येतात. मतं पडतात भावकीवर, जातीवर आणि शेवटच्या दोन रात्रींवर. संघटनेच्या ताया येतील, गाणं म्हणतील, फोटो काढतील आणि जीपमध्ये बसून जातील. पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचा कागद, मिळतोय का तेवढं बघा. मिळत असेल तर पुढारी म्हणतात तसं करा, नसेल तर पैसे वाचवा.

---

तेरणाकाठची_आक्का

लेकी, आधी आईला माझा नमस्कार सांग. पुढारी दाराबाहेर पडल्यावर "बाकीचंही मीच बघणार" म्हणणारी बाई आमच्याकडे आली असती तर आम्ही तिला लगेच खुर्ची दिली असती.

रावसाहेबांचं म्हणणं सगळंच खोटं नाही. गाणी म्हणून जाणाऱ्या ताया मीही पाहिल्यात. पण अर्धंच बघून बोलू नये. मी औसा-निलंग्याच्या पट्ट्यातली. १९९३ च्या भूकंपानंतर घरं दुरुस्त करण्याचा सरकारी कार्यक्रम आला, तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांमधून 'संवाद सहायक' नेमल्या होत्या, त्यातली मी एक. सिमेंटच्या किती गोण्या आल्या, सळई कोणत्या मापाची, हप्ता का अडला, हे इंजिनियरला विचारायचं आणि घरमालकाला समजावायचं. त्याच वर्षी ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली होती. पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांच्या ठरल्या तेव्हा आमच्या भागात उभ्या राहायला बायका मिळेनात, असं पुढारी सांगत फिरायचे. आणि इकडे सळई मोजणाऱ्या बायका समोर बसलेल्या! त्यांतल्या कितीतरी जणी पुढे पंचायतीत गेल्या. २०११ पासून जागा निम्म्या झाल्या, आता "बाई मिळत नाही" म्हणायची सोय राहिली नाही, म्हणून "वहिनींचा फॉर्म" सुरू झालाय.

तू संघटना म्हणतेस, पण त्यांत फरक आहे. पक्षाची महिला आघाडी ही पक्षाची. ती पक्षाच्या उमेदवारासाठी राबते, सभा भरवते, आणि तिकीट वाटायची वेळ आली की तिच्याच कार्यकर्तीला बाजूला सारून पुढाऱ्याची सून येते. पक्षांच्या महिला आघाड्यांमधल्या बायकांइतकं फुकट राबलेलं दुसरं कोणी मी राजकारणात बघितलं नाही. मग आहे माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, आणि उमेद, म्हणजे ग्रामीण जीवनोन्नती अभियान. या सरकारी. माविम १९७५ पासून आहे, उमेद अलीकडची. तुझ्या आईचा ग्रामसंघ, प्रभागसंघ बहुधा उमेदमध्ये येतो. तिथल्या पगारी किंवा मानधनावरच्या माणसांना प्रचार करता येत नाही. आचारसंहितेच्या काळात तर त्यांच्या बैठकीत उमेदवाराचं नावसुद्धा नको. सीआरपी ताई, म्हणजे गावातली उमेदची मानधनावरची कार्यकर्ती, कितीही जिवाभावाची असली तरी तिला प्रचारात ओढू नका, तिची भाकरी जाईल. तिसऱ्या आहेत स्वतंत्र संघटना, आपल्याकडं महिला राजसत्ता आंदोलन आहे, जिल्ह्या-तालुक्याच्या छोट्या संस्था आहेत. त्या निवडून आलेल्या आणि उभ्या राहणाऱ्या बायकांसोबत पंचायतीचं काम करत आल्यात. त्या सहसा "अमक्याला मत द्या" म्हणत नाहीत, पण उमेदवार बाईच्या पाठीशी उभ्या राहतात.

आता काम काय असतं ते सांगते. सगळ्यात मोठं काम कागदाचं. ऐकायला रटाळ आहे, पण बाईची उमेदवारी भाषणानं पडत नाही, छाननीच्या टेबलावर पडते.

तुझ्या आईचा गट नामाप्र आहे ना? मग जातीचा दाखला आईच्या माहेरच्या बाजूचा लागणार. बाईची जात वडिलांकडून धरतात. नामाप्रसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, म्हणजे आईच्या वडिलांचा नाहीतर आजोबांचा शाळेच्या रजिस्टरचा निर्गम उतारा किंवा तसा महसुली कागद. ती शाळा माहेरच्या गावात. रजिस्टर मोडीत असेल, फाटलं असेल, मुख्याध्यापक रजेवर असेल. माहेरच्या गावात कुणी ओळखीचं असेल तर तो कागद एका दिवसात निघतो, नसेल तर पंधरा दिवस हेलपाटे. इथं महिला संघटनेचं जाळं कामी येतं. आमच्या पट्ट्यातल्या एका उमेदवाराचं माहेर उमरग्याकडं होतं. तिकडच्या बचत गटातल्या बाईनं शाळेत जाऊन उतारा काढला, झेरॉक्स व्हॉट्सअॅपवर पाठवली आणि मूळ कागद एसटीच्या कंडक्टरकडून पोचता केला. तिनं उमेदवाराचं तोंडही बघितलं नव्हतं.

त्यातच नावाचा घोळ. दाखल्यावर माहेरचं नाव, मतदार यादीत सासरचं, आधारवर तिसरंच. लग्नात सासरच्यांनी नाव बदललेलं, मग तर विचारू नको. विवाह नोंदणीचा दाखला नाहीतर राजपत्रातली नोंद लागते, की ही आणि ती एकच बाई. पुरुष उमेदवाराला हा प्रश्नच येत नाही. आम्ही सोडत निघायच्या आधीच, ज्या बायका उभ्या राहतील असं वाटतं त्यांच्या फाईली करायला घ्यायचो. प्रत्येकीची एक प्लास्टिकची बटणवाली फाईल. वर नाव लिहायचं नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी गावभर होतं.

जातीचं वैधता प्रमाणपत्र नसेल तर जात पडताळणी समितीकडं अर्ज केल्याची पोच जोडून, मुदतीत देईन अशी हमी लिहून द्यावी लागते. ती मुदत चुकली तर निवडून आलेली जागा जाते. अशा कित्येक बायका घरी बसल्यात. जिंकल्यावर नवरा म्हणतो "बघू नंतर", आणि नंतर बघायला कोणी राहत नाही.

बाकीचं बघून घ्या: १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य नको, घरी शौचालय असल्याचा नि ग्रामपंचायतीची थकबाकी नसल्याचा दाखला, खर्चासाठी बँकेत वेगळं खातं. शपथपत्रात नवऱ्याचीही मालमत्ता आणि कर्ज लिहायचं असतं. इथं घरोघरी नाटक होतं. शपथपत्र भरताना एकीनं नवऱ्याला विचारलं, सोसायटीचं कर्ज किती उचललंय? तो म्हणाला, "असेल लाखभर." सातबारा काढला तर बोजा दोन बँकांचा. ती बाई फॉर्म भरायचं सोडून त्याच्याकडं बघत राहिली. आमची वकीलबाई हळूच म्हणाली, आक्का, जेवायला जाऊन येऊ आपण. परत आलो तर शपथपत्र पूर्ण भरलेलं होतं, अक्षर नवऱ्याचं होतं आणि सही हिची.

आता तुझा दुसरा प्रश्न. बचत गटांनी गट म्हणून प्रचार करावा का? माझं स्पष्ट मत, नाही. इथं माझं आणि बऱ्याच संस्थावाल्यांचं पटत नाही, पण मी हटणार नाही.

बचत गट हा मतांचा गठ्ठा नव्हे. त्यात तुझ्या आईच्या बाजूची बाई आहे, विरोधी उमेदवाराची जाऊ आहे, आणि दोघींनी एकमेकींच्या कर्जाला जामीन म्हणून अंगठे दिलेत. आमच्या जवळच्या एका गावात गटाच्या अध्यक्षबाई उभ्या राहिल्या आणि गटाच्या बैठकीतच प्रचाराच्या पाळ्या लावल्या. सचिवबाईची नणंद समोरून उभी. पुढच्या महिन्यात निम्म्या जणी बैठकीला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यात अंतर्गत कर्जाची वसुली थांबली. "तिच्या गटाचे पैसे कशाला भरू?" असं बायका उघड बोलायला लागल्या. बँकेचा हप्ता थकला. निवडणूक ती जिंकली, गट मोडला. पाच वर्षांनी पद गेलं आणि गटही उरला नाही.

त्यानंतर आम्ही आमच्याकडं रीतच पाडली. उमेदवारी ठरली की त्या बाईनं गटाच्या पेटीची चावी दुसरीकडं द्यायची, बैठकीच्या रजिस्टरवर तसं लिहायचं, आणि निकाल लागेपर्यंत पदावर बसायचं नाही. गटाच्या बैठकीत मताचं बोलणं नाही. गटाचा पैसा, गटाचा शिक्का, गटाची सतरंजी काहीही प्रचारात नाही. बाई म्हणून जिला जायचं तिनं खुशाल जावं. तुझ्या आईला ग्रामसंघाच्या पदाचंही असंच करायला सांग. विरोधक तक्रार करतील ही भीती आहेच, पण त्यापेक्षा मोठं म्हणजे उद्या सगळ्यांना त्याच सतरंजीवर बसायचंय.

मग बायका करतात काय? सोबत करतात. प्रचाराचे दिवस थोडे, गावं जास्त. सकाळी सहाला निघायचं तर हिच्या म्हशीची धार कोण काढणार? सासऱ्यांच्या गोळ्या कोण देणार? शेजारच्या चौघी हे वाटून घेतात, हीच खरी निवडणूक यंत्रणा. संध्याकाळी वाडी-तांड्यावर जायचं तर दोघी-तिघी कायम सोबत, म्हणजे रात्री उशिरा कुणाच्या गाडीतून आली याच्या कथा होत नाहीत. कथा तरीही होतात. पण सोबत असलेल्या तिघी चारचौघांत उभ्या राहून सांगतात, "आम्ही होतो."

आणि माघारीचा दिवस. हा दिवस सगळ्यात वाईट. भावकीतले, पाहुणे, ज्याचं देणं आहे तो, सगळे त्या दिवशी आठवण काढतात. "गावाच्या एकीसाठी बिनविरोध करू." बिनविरोध म्हणजे काय ते नाशिकच्या उमराण्यात आणि नंदुरबारच्या खोंडामळीत अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिलं. सरपंचपदाची बोली लागली म्हणून २०२१ मध्ये निवडणूक आयोगाला तिथल्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या. बोली लावायला बाईला कोण बोलावतं? म्हणून माघारीच्या दिवशी आम्ही उमेदवाराला एकटं ठेवत नाही. माघारीची वेळ टळेपर्यंत तिच्याच घरी पापड लाटायला बसतो. लोक येतात, आठ-दहा बायका बघतात, चहा पितात, जातात. बाईला स्वतःहून माघार घ्यायची असेल तर तिला कोणी अडवत नाही, ते तिचं तिनं ठरवावं. पण चौघा पुरुषांच्या मध्ये बसवून सही घेता येत नाही.

पैशाचं म्हणशील तर संघटना पैसे देत नाहीत, देऊही नयेत. बायका ओटी भरतात, त्यात दहा-वीस रुपये असतात. तेवढ्यात जीपचं डिझेलही निघत नाही, पण ज्या बाईनं वीस रुपये दिले ती मतदानाला चार जणी घेऊन येते. आलेले रुपये वहीत लिहायला विसरू नका.

आणखी बरंच आहे, निवडून आल्यानंतरचं. पण आता सून जेवायला हाक मारतेय.

---

कोचीकर_मीनल

आक्का, गटाबद्दलचं तुमचं म्हणणं वाचलं आणि इकडचं चित्र आठवलं. मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर केरळात.

इथे कुटुंबश्री आहे, बायकांच्या गटांचं सरकारी जाळं, १९९८ पासून. शेजारगट, त्यावर वॉर्ड पातळीचा संघ, त्यावर पंचायत पातळीचा. गंमत अशी की मधला संघ बरोबर निवडणुकीच्या वॉर्डाएवढाच असतो. म्हणजे जी बाई त्याची अध्यक्ष ती वॉर्डातल्या घराघरात ओळखीची, कुणाचं रेशनकार्ड अडलंय, कुणाची मुलगी नर्सिंगला गेली, सगळं तिला पाठ. २०१० मध्ये इथे निम्म्या जागा बायकांना झाल्यावर सगळे पक्ष उमेदवार शोधायला सरळ तिच्याच दारात आले. २०२० च्या निवडणुकीत कुटुंबश्रीतल्या सात हजारांवर बायका निवडून आल्या. आमच्या कामवाल्या अम्मिणीची जाऊ त्यांच्यातलीच एक.

पण तुम्ही म्हणता ती दुखरी बाजू इथेही आहे. पक्ष उमेदवार नेतो, तसा हळूहळू संघही नेतो. अमका संघ डाव्यांचा, तमका काँग्रेसचा असं लोक सहज बोलतात. कर्ज कुणाला आधी मिळालं यावरून कुजबुज असते. तरीही मला वाटतं, इतक्या बायका येतात तेव्हा एखाद-दुसरा गट फुटण्याची किंमत मोजावीच लागेल. तुमच्या 'चावी दुसरीकडं' पद्धतीनं इथे कुणी उमेदवारच होणार नाही, कारण ती पदावर आहे म्हणूनच पक्ष तिला विचारतो.

---

कापूसकोंड्या

यवतमाळवरून लिहितोय. आक्का १९९३ पासून सांगत आहेत, त्याआधीचंही थोडं सांगतो, कारण आरक्षण यायच्या आधी बायकांच्या संघटनेनं निवडणूक लढवली होती हे आता कुणाला माहीत नसतं.

१९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं. लाखाच्या घरात बायका होत्या. माझी आजी ट्रकच्या हौद्यात बसून गेली होती, सोबत शिदोरी बांधून. तिथे ठरलं की जिल्हा परिषद, पंचायत समितीच्या निवडणुका बायकांनी लढवायच्या. राखीव जागांची मागणी करत बसायचं नाही, सरळ लढायचं. पण जिल्हा परिषदांच्या निवडणुकाच होईनात! १९७९ नंतर झाल्या त्या थेट १९९२ ला. मधल्या काळात, १९८९ च्या सुमारास, काही ग्रामपंचायतींत पूर्ण बायकांची पॅनलं उभी राहिली. आमच्याकडे मेटीखेडा, जळगावकडे विटनेर. १९९० मध्ये महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांमध्ये तीस टक्के जागा राखीव केल्या, म्हणजे दिल्लीच्या घटनादुरुस्तीच्या आधी.

मुद्दा असा की तिथे संघटना ही उमेदवाराची मदतनीस नव्हती, संघटनाच उमेदवार होती. एकटी बाई नाही, अख्खं पॅनल. दारूचं दुकान, पाणी, नावावर जमीन असे मुद्दे आधी ठरले आणि मग माणसं. आजच्या जि. प. गटात एकच बाई उभी राहते आणि तिच्या पाठीशी मुद्दा काय तर "आमच्या वहिनी".

२०१७ ला निवडून आलेल्यांची मुदत २०२२ ला संपली आणि जिल्हा परिषदेत प्रशासक बसला. हेही जुनंच चाललंय म्हणायचं.

---

फक्कड_रावसाहेब

पापड लाटण्याची आयडिया मानली आक्का. आमच्या गावात हे झालं असतं तर एक सीट वाचली असती, जास्त बोलत नाही. बाकी माझं मत कायम.

---

निळी_छत्री

सगळ्यांचे आभार. आक्का, तुमची पोस्ट आईला फोनवर वाचून दाखवली. म्हशीच्या धारेवर ती हसली आणि म्हणाली, "यांना कसं कळलं?" माहेरच्या शाळेच्या उताऱ्यासाठी मामाला आजच पाठवलं आहे. पेटीची चावी कुणाकडे द्यायची यावर मात्र घरात दोन तास चर्चा झाली. पप्पांनी पहिल्यांदा तोंड उघडलं, म्हणाले, सरूबाईकडे दे, ती विरोधी उमेदवाराची नात्यातली आहे, कुणी बोट दाखवणार नाही. मला पप्पांकडून हे अपेक्षितच नव्हतं.

मीनलताईंचा मुद्दाही पटतो, पण आमचं गाव छोटं आहे.

पुढारी परत आले होते. पक्षाचा एबी फॉर्म हवा असेल तर "प्रचाराचं नियोजन आमचं" म्हणाले. आई म्हणाली, विचार करून सांगते. आक्का, निवडून आल्यानंतरचं सांगणार होतात.

---

तेरणाकाठची_आक्का

मीनल, तू म्हणतेस ते तुमच्याकडं खरं असेल. तिथं सरकारनंच जाळं पंचायतीला जोडून दिलंय, आणि पक्ष बाईला विचारायला तरी येतो. आमच्याकडं पक्ष बाईच्या नवऱ्याला विचारायला येतो. गट फुटला तर मागं काही उरत नाही. माझं तेच.

कापूसकोंड्या, मेटीखेड्याचं नाव ऐकून बरं वाटलं. तुमचं पॅनलचं म्हणणं लाखमोलाचं. लेकी, एक बघ, जिल्हा परिषदेच्या गटात पंचायत समितीचे दोन गण असतात, मतदार दोन मतं देतो, एक गटाचं, एक गणाचं. दोन्ही गणांत धड बायका उभ्या असतील तर तिघींनी एकत्र फिरा, एकाच पत्रकावर छापा. आणि म्हाताऱ्या बायकांना दोन मतं नीट समजावून सांगा, निम्म्या जणी पहिलं बटण दाबून बाहेर पडायला बघतात.

पुढाऱ्याचं "प्रचाराचं नियोजन आमचं" याला आईनं विचार करते म्हटलं हे उत्तम. एबी फॉर्म घेण्यात वाईट काही नाही, अपक्ष लढणं सोपं नसतं. पण त्या बदल्यात काय काय त्यांच्या हातात जाणार ते आधी मोजून घ्या. खर्चाची वही, मतदान प्रतिनिधींची यादी आणि आईचा फोन, या तीन गोष्टी घराबाहेर जाऊ देऊ नका. मतदान प्रतिनिधी म्हणून शक्य तिथं त्या-त्या गावातल्या बायका बसवा, शिकलेल्या सुना. अभिरूप मतदानाला, म्हणजे मतदानाआधीच्या यंत्राच्या चाचणीला, सकाळी लवकर हजर राहावं लागतं, त्याचा सराव आधी करून घ्या. बूथवर आत बाई बसलेली दिसली की बाहेरच्या बायका बिचकत नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

निवडून आल्यानंतरचं. जिल्हा परिषदेत समित्या वाटतात तेव्हा सगळ्या बायकांना महिला व बालकल्याणकडं ढकलतात. ती समिती वाईट नाही. जिल्हा परिषदेनं स्वतःच्या उत्पन्नाच्या दहा टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात, ते कुठं गेले हे विचारणारी बाई तिथं हवीच. पण शिलाई मशीन आणि पिठाच्या गिरण्या वाटण्यात पाच वर्षं घालवू नयेत. रस्ते बांधकाम समितीत ठरतात, पैसा अर्थ समितीत. आईला बँकेतलं कळतं ना? अर्थ समिती मागायची. पहिल्या दिवशी लेखी मागायची.

आमच्याकडं निवडून आलेल्या बायकांची, पक्ष कोणताही असो, सर्वसाधारण सभेच्या आधी एक बैठक व्हायची. विषयपत्रिका मोठ्यानं वाचायची, एकेकीनं एक प्रश्न उचलायचा, कागदावर लिहून न्यायचा. पाठ करून नाही, वाचून विचारायचा. कागद हातात असला की सीईओ साहेबही उत्तर कागदावर देतात. नीला सत्यनारायण राज्याच्या निवडणूक आयुक्त होत्या तेव्हा बायकांसाठी क्रांतिज्योती नावाचं प्रशिक्षण निघालं होतं, यशदा या पुण्याच्या सरकारी प्रशिक्षण संस्थेतही शिबिरं होतात. ती करावीत. पण सभेच्या आदल्या दिवशीची आपसातली बैठक जास्त उपयोगी पडते, असा माझा अनुभव.

आणि निवडून आलेल्या बाईला खाली खेचायचे प्रकार होतातच. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंचबाईंना सासरचं घर सरकारी जागेत आहे म्हणून अपात्र ठरवलं होतं. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि २०२४ मध्ये न्यायालयानं ती अपात्रता रद्द केली. बाई सरपंच झालेली गावाला पचत नाही, अशा अर्थाचं न्यायालयानंच सुनावलं. पण दिल्लीपर्यंत जायला किती जणींना जमतं? म्हणून कागदाची फाईल निवडून आल्यावरही बंद करायची नाही. घराचा उतारा, पाणीपट्टी-घरपट्टीच्या पावत्या दरवर्षी त्यात टाकत जायच्या.

पप्पांचं सरूबाईचं नाव ऐकून मला फार बरं वाटलं. त्यांना एक काम द्या, खर्चाच्या वहीचं. निकालापासून तीस दिवसांत हिशोब सादर करावा लागतो, जिंकलं तरी, हरलं तरी. केला नाही तर पाच वर्षांपर्यंत अपात्र करू शकतात. हरलेल्या बायकांचे हिशोब तर कोणीच भरत नाही, आणि पुढच्या वेळी उभं राहायला गेलं की नाव यादीत निघतं. रोजच्या रोज लिहायचं, पावती चिकटवायची, चहाचे सुद्धा. माझ्याकडं एका उमेदवाराच्या वहीची आखणी आहे, तिची परवानगी घेऊन रकाने उद्या इथं टाकते.